कानड्यांचा ओंडका

कामाला बसण्यापूर्वी वसंत कानडे ड्रॉइंग टॅब्लेटला हात लावून तोच हात कपाळाला लावत. सिंगापूरच्या जुरोंग ईस्ट भागातल्या आमच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत नव्या माणसाला वाटे, यांना डोकेदुखी आहे.

कानडे पार्श्वभूमी रंगवत. मी वेळापत्रक सांभाळत असे. त्यांच्या वडिलांची चिपळूणला सॉ मिल होती. त्यामुळे आमच्या विनोदी मालिकेतला तो भाग त्यांच्याकडे आला: कॅलिफोर्नियातली पाणचक्कीवर चालणारी जुनी लाकूडगिरणी, तिच्या पाटात सापडलेलं सोनं आणि हातातलं काम टाकून सोन्यामागे धावणारी पाणमांजरं. संहितेत गिरणीला एक ओळ होती.

कानड्यांनी करवतीच्या पात्यावर लाल ठिपका काढला. दिग्दर्शिका मेई आपल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "अंकल, रक्त कशाला? लहान मुलं बघणार, लाह."

"कुंकू आहे. खंडेनवमीचं."

"कॅलिफोर्नियात?"

"यंत्र आहे ना तिथे?"

पुढचा वाद मोठा होता. कामगार पळाले की करवत थांबलेली दाखवा, काम वाचेल, असं मेईचं म्हणणं. कानडे म्हणाले, "पाणी वाहतंय, तर चाक थांबेल कसं? आणि ओंडका अर्धा कापून सोडत नाहीत. मालक मेला तरी फळी सुटू द्यायची." वेळ असेल तर करा, म्हणून मेईने विषय संपवला.

त्याच आठवड्यात चांगी बिझनेस पार्कमधली एक गेम कंपनी आमची माणसं जास्त पगारावर उचलू लागली. हा भाग संपला की स्टुडिओ बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कानड्यांनाही बोलावणं आलं: सोमवारी रुजू व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला. नोकरी नाही तर कामाचा पास नाही. पास नाही तर सिंगापूर नाही.

"कानडे, जा," मी म्हटलं. "करवतीकडे कोण बघणार आहे?"

"सोमवारी ओंडका निम्म्यावर असेल," ते म्हणाले, टॅब्लेटला लावलेला हात कपाळाला लावला आणि कामाला बसले.

सोमवारी स्टुडिओत ते, मेई आणि मी उरलो. करवतीची हालचालही तेच काढत होते. ओंडका संपला तेव्हा तिकडची जागा भरली होती. कुंकू तसंच राहिलं. पुसायला माणूस नव्हता. कानडे चिपळूणला परतले.

त्या भागाच्या पहिल्या जाहीर खेळाला पाणमांजरं धावली, आपटली, पाण्यात पडली. प्रेक्षक शांत होते. मग मागे, रिकाम्या गिरणीत, करवत ओंडक्याच्या टोकाला पोहोचली आणि फळी सावकाश बाजूला आडवी झाली. सभागृह हसलं. पूर्ण भागात एकदाच.

मी कानड्यांना फोन करून सांगितलं.

"हसू देत," ते म्हणाले. "फळी सरळ सुटली ना?"