कुलपातली बटणं

दोन हजारनंतरची ती भारनियमनाची वर्षं. हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात एक घाणेरडी सवय होती. वीज गेली की बटण कुणी बंद करायचं नाही. आल्याचं कळावं म्हणून सगळी चालूच. मग वीज आली की रिकाम्या वर्गांत पंखे बाकांना वारा घालत बसायचे. मला संताप यायचा. मी भौतिकशास्त्र शिकवायचो, म्हणून विद्यापीठाचं वीज बचतीचं पत्र आल्यावर ते काम माझ्याच गळ्यात पडलं.

मी वर्गांच्या आणि प्रयोगशाळेच्या प्रत्येक स्विचबोर्डवर लाकडी पेटी बसवून कुलूप लावलं. किल्ल्या माझ्या खिशात. फक्त प्राचार्यांच्या खोलीला हात लावला नाही. ते नसतानाही तिथला कूलर घरघरत असे. शिपाई म्हणायचा, "साहेब आल्याबराबर खोली गार पायजे, सर." मी मान डोलवायचो. त्या लाचारीचा आजही वीट येतो.

तिसऱ्या वर्षाची एक मुलगी सेनगावकडून जीपनं यायची. आजारपणात तिचा सोडियमच्या दिव्यावरचा प्रयोग राहिला होता. जर्नल पूर्ण करायचा तो शेवटचा दिवस, आणि वीज दुपारी दोनच तास. नेमका त्याच वेळी सभागृहात आमचा वीज बचतीचा कार्यक्रम. पाहुणे बोलत होते, डोक्यावर आठ पंखे, भर दुपारी सगळ्या ट्यूब चालू. ती दारात येऊन उभी राहिली. किल्ली मागायला आलीय हे मला कळलं. पण मंचावरून उठलो तर प्राचार्य काय म्हणतील, म्हणून हातानंच थांब म्हटलं. मग हारतुरे, मग आभार. आभार मीच मानले, चांगले लांबवून.

बाहेर आलो तेव्हा ती प्रयोगशाळेच्या पायरीवर बसली होती.

"सर, लाईट येऊन गेली."

"मैत्रिणीच्या वहीतले आकडे उतरव. मी सही करतो."

"केलंच न्हाई ते कसं लिहू, सर? मला तो पिवळा उजेड पाहायचा होता."

"जर्नल अपूर्ण राहिलं तर परीक्षेला बसता येणार नाही," मी मास्तरकीच्या आवाजात ऐकवलं.

तिनं मैत्रिणीची वही मागून आणली. एकेका ओळीवर बोट ठेवून आकडे उतरवले आणि जर्नल माझ्यापुढे धरलं. 'सदर प्रयोग माझ्यासमोर करण्यात आला' या छापील ओळीखाली मी सही ठोकली.