दाजींच्या दोन पेट्या

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, वजनांच्या बुडाला शिक्का मारायचा आणि दुकानदाराकडे असं बघायचं की त्याने न केलेली चोरीही कबूल करावी, ही त्यांची नोकरी. नोकरी संपली, बघणं तेवढं राहिलं. मला हा माणूस कधीच आवडला नाही. आधीच सांगितलेलं बरं, उगाच कोणी मला निःपक्षपाती समजायला नको.

त्यांच्याकडे अठरा वर्षं एक म्युझिक सिस्टिम होती. रेकॉर्ड प्लेअर, अॅम्प्लिफायर आणि कमरेएवढ्या उंचीच्या स्पीकरच्या दोन पेट्या. घरातली एकुलती एक हवेशीर खोली त्या लवाजम्याला दिलेली. रविवारी सकाळी अकरा वाजता खात्यातले पाच-सहा साहेब जमायचे. दाजी पांढऱ्या फडक्याने तबकडी पुसायचे, सुई ठेवायचे आणि डोळे मिटायचे. मग तासभर घरात कोणी नळ सोडायचा नाही, पेला आपटायचा नाही, शिंक आली तर जिन्यात जायचं. ताईचं शिलाई मशीन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, ते रविवारी बंद. तान्ह्या भाच्याने रडून घोटाळा करू नये म्हणून त्याला खांद्यावर टाकून गच्चीत उन्हात येरझाऱ्या घालणारी ताई मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. गल्लीतले लोक दाजींना कानसेन म्हणायचे. लोक टिंगल करत होते आणि ह्यांना ती पदवी वाटत होती.

पेट्या घरी आल्या त्याच महिन्यात दाजींनी त्या उघडल्या. कंपनीने आतली तार हलकी घातली म्हणे. मग जाड तांब्याची तार आणली, स्वतः सोल्डरिंग केलं आणि आतल्या फळीवर पेन्सिलीने तारीख घालून सही ठोकली. पहिल्याच रविवारी मी म्हणालो, दाजी, ह्यात खर्ज येत नाही. मी पंपाच्या मोटारी रिवाइंड करून देतो, घुमणं कशाला म्हणतात ते मला कळतं. दाजी साहेबांकडे बघून हसले. ह्याचे कान मोटारीचे, म्हणाले, घरघर झाल्याशिवाय ह्याला संगीत वाटत नाही. अस्सल खर्ज असा अंगाने बारीकच असतो. साहेबांनी माना डोलावल्या. त्यातल्या एकालाही ओ का ठो कळत नव्हतं. त्यानंतर मी कुठल्याही विषयावर तोंड उघडलं, अगदी भाच्याच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा, की दाजी म्हणायचे, मोटारीचे कान बोलले.

पुढे तळहातावर मावणारी गाण्याची यंत्रं निघाली. खात्यातल्या सगळ्यांत मोठ्या साहेबांनी तसलं एक घेतल्याबरोबर दाजींनी आठवड्यात सगळा लवाजमा जुन्या मालाच्या दुकानात विकला. तीन महिन्यांनी त्यांनी जाहीर केलं की खरा आवाज जगातून गेला. घरात जागा नव्हती म्हणून विकावी लागली, असं ते येईल त्याला सांगायचे आणि सांगताना ताईकडे बघायचे.

रिकाम्या झालेल्या खोलीत ताईने कापड बेतायचं मोठं टेबल टाकलं. पडदे, सोफ्याची कव्हरं, अभ्रे अशी कामं येऊ लागली, हाताखाली दोन बायका आल्या. तिघींच्या गप्पा जिन्यापर्यंत ऐकू यायच्या. माझी बहीण खो खो हसते हे मला तिच्या पन्नाशीत कळलं. अशी नऊ वर्षं गेली.

आणि गेल्या महिन्यात दाजींना तीच सिस्टिम एका दुकानाच्या काचेमागे दिसली. जुनं म्हटलं की लोक नाक मुरडतात, व्हिंटेज म्हटलं की तेच लोक रांग लावतात, त्यामुळे दुकानदाराने तशी पाटी लावली होती. दाजी रोज काचेला नाक लावून यायला लागले. शेवटी घरी विषय निघाला. ताई म्हणाली, हवी असेल तर आणा, मी टेबल काढते. दोघींना दुसरीकडे काम बघायला सांगते. भाजी निवडता निवडता म्हणाली हे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दाजींनी मला बरोबर घेतलं ते पेट्या उचलायला, मत विचारायला नव्हे. मी गेलो तो सौदा मोडायचाच असं ठरवून.

दुकानदाराने त्यांना खुर्ची दिली. तबकडी फिरली, दाजींनी डोळे मिटले. आणि त्या पेट्यांमधून असा भरदार खर्ज आला की काउंटरवरचा चहाचा कप बशीत थरथरला. दाजींनी डोळे उघडले.

"ही माझी नाही," ते म्हणाले. "कोणीतरी आवाज बिघडवलेला आहे."

दुकानदार भला माणूस होता. त्याने तबकडी तशीच चालू ठेवून मोबाइलमध्ये काढलेला फोटो दाखवला. आतली फळी, त्यावर पेन्सिलीची तारीख, खाली सही. वजनांच्या दाखल्यांवर मी शेकडो वेळा पाहिलेली. एका पेटीची तार उलटी जोडली होती, तो म्हणाला. एक पेटी हवा ढकलते तेव्हा दुसरी ओढते, मग दोघी मिळून खर्ज गिळून टाकतात. त्याने ती सरळ केली होती.

"कोणी हौशी असणार," तो म्हणाला. "बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नसेल."

सत्तावीस वर्षं मी ह्या घटकेसाठी थांबलो होतो. वाक्य जिभेवर तयार होतं. दाजी त्या फोटोकडे बघत राहिले, तबकडीची बाजू संपेपर्यंत.

"ती तार पुन्हा होती तशी करून मिळेल का?" त्यांनी विचारलं.

दुकानदार हसला, त्याला वाटलं गंमत चालली आहे. मग राहू द्या, म्हणाले दाजी, आणि उठले. आम्ही रिकाम्या हाताने घरी निघालो. मी माझं वाक्य नीट जपून ठेवलं. ते मला ताईसमोर म्हणायचं होतं.

ताईने टेबलाचे पाय सोडवून ते भिंतीशी उभं केलं होतं. खोली झाडून पुसून लख्ख. कापडाचे गठ्ठे स्वयंपाकघरात रचलेले. दाजींनी चपला काढता काढता सांगितलं की ती आपली नव्हती, दिसायला तशीच होती, आणि आत जाऊन आडवे झाले.

"खरंच नव्हती?" ताईने मला विचारलं.

मी तोंड उघडलं.

"टेबल काढायचा मला त्रास नसता झाला रे," ती म्हणाली. "अठरा वर्षं आपण सगळे गप्प बसलो, पोराला रडूसुद्धा दिलं नाही. काहीतरी फार चांगलं असणार ना ते? मला कधी नीट बसून ऐकायलाच मिळालं नाही."

"नव्हती ताई," मी म्हणालो. "तसा आवाज दुसऱ्या कशाला यायचा नाही."

तिने समाधानाने मान डोलावली आणि टेबल पुन्हा जोडायला घेतलं. आयुष्यात एकदाच मी दाजींच्या बाजूने बोललो. त्याबद्दल मी त्यांना कधीही माफ करणार नाही.