हातात चपला धरून

पोरानं, सुधाकरनं, गाडी दाराशी लावली तरी मी कुलूप ओढून ओढून पाहत होतो. तुम्ही साखरखेर्ड्याची मंडळी ओट्याशी जमा झाला होता. कोणीतरी म्हणालं, "आता पोराजवळ आराम करा." मला तेव्हाही शंकाच आली, की याला माझा आराम दिसून राह्यला का माझ्या वावराचा बांध. तुमची काकू जाऊन वर्ष होत आलं होतं. किल्ली मी कंबरेच्या करगोट्याला बांधली अन् पोराला गाडीत बसण्याआधीच सांगितलं, "पटलं नाही तं वापस येईन. कपड्याची पिशवी मी सोडनार नाही."

चिखली काही परदेश नाही. पण बाजाराला येणं वेगळं अन् राहायला येणं वेगळं. पोराचं घर नव्या ले-आऊटमध्ये. तिथं दिवसाढवळ्या दारं बंद. पोरगा ऑफिसात, सून शाळेत. बेल वाजली की मी आधी टीव्ही बंद करायचो अन् मग दाराच्या भोकातून पाहायचो. पिशवी दारामागं, भरलेलीच.

काकू लग्न होऊन आली तेव्हा माझ्या आईनं तिला एका शब्दानं काही शिकवलं नाही. ही चुलीपाशी उकिडवी बसून नुसती पाहायची. पुढच्या संक्रांतीला आईसारखीच भाकर थापायला लागली. थापताना आई मान तिरपी करायची, तर हिचीही मान तिरपी. मी हसलो की म्हणायची, "परक्या घरात तोंड मिटून डोये उघडे ठेवा लागते. तुमाले कधी गरज पडली नाही, म्हनून दात काढता."

आता पडली गरज. मीही एक माणूस हेरला.

ले-आऊटच्या बगीच्यात संध्याकाळी एक म्हातारा फिरायचा. पांढरा पायजामा, टोपी. चेहऱ्यावरून इथला जुना वाटला. तो बाक खिशातल्या दस्तीनं पुसून बसला, की मीही पुसून बसायचो. तो चालता चालता टाळ्या वाजवायला लागला, म्हणून मीही लागलो. साखरखेर्ड्यात असं केलं असतं तर तुम्ही मला बाहेरचं झालं म्हणून कोणाकडं तरी नेलं असतं. इथं सून म्हणाली, "बाबा, छान रुळलात." ते गोड बोलणंही मी तपासूनच घेतलं.

मग एक दिवस माझ्या चपलेचा अंगठा तुटला. दोन्ही चपला हातात धरून मी फेरी पुरी केली. घरी आलो तर पोरगा विचारतो, "बाबा, आज अनवाणी फिरलात?" याला कोणी सांगितलं? दुसऱ्या दिवशी पाहतो, तर तो म्हातारा चपला हातात धरून फिरून राह्यला. चपला धडधाकट, अंगठा शाबूत.

तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पोरानं हा माणूस माझ्या पाळतीवर ठेवला, अन् वरून हा माझी नक्कल करतो. ज्या घरात बापावर पहारा लागतो, तिथं राहायचं कशाला? मी पिशवी उचलली. म्हटलं, याला दोन शब्द ऐकवतो अन् तसाच एसटी स्टँडवर जातो.

"काऊन हो," मी त्याला आडवा झालो, "माह्या पोरानं ठेवलं का तुमाले माह्यावर?"

"कोनाचं पोरगं?" तोच घाबरला. "मी तं तुमचं पाहून पाहून चालून राह्यलो. मले वाटलं, तुमी इथले जुने."

"मंग चपला काऊन हातात?"

"तुमी धरल्या म्हनून. म्हटलं, इथं हेच रीत असन."

"अहो, माह्या चपलेचा अंगठा तुटेल होता!"

"मंग टाया वाजवता त्या? त्या बी तुमीच सुरू केल्या."

मी आठवून पाहिलं. मी तंबाखू मळून, चुना झटकायला तळहातावर थापा मारायचो. याला वाटलं, काही व्यायाम असेल. त्याचं पाहून मी, अन् आम्हा दोघांचं पाहून बँकेतले एक रिटायर साहेबही टाळ्या वाजवत फिरायला लागले होते. कितीक दिवसांनी मी पोट धरून हसलो.

त्याचं नाव पुंजाजी. हिवरा आश्रमाकडचा. बायको गेली, पोरानं उचलून आणलं. माझ्याच मागंपुढं आलेला. अनवाणी फिरल्याचं कसं कळलं, ते मी सुनेला तोंडावरच विचारलं. ती म्हणाली, "बाबा, पांढऱ्या फरशीवर घरभर पाय उमटले होते तुमचे." एवढंच होतं ते.

पण त्या संध्याकाळी आम्ही एकाच बाकावर बसलो, तेव्हा मला परत खटकलं. मी या टोकाला बसलो तसा तो पार त्या टोकाला. मी रोखून पाहिलं.

पुंजाजी मान खाली घालून म्हणाला, "हे तुमचं पाहून नाही, भाऊ. घरच्या ओट्यावर बायको माह्या इकडून बसे."

मी माझ्या बाजूला पाहिलं. एका माणसाची जागा मीही सोडलेली होती. मला ती कधी दिसलीच नव्हती.

पिशवी मी सोडली, कपडे कपाटात लावले. किल्ली मात्र करगोट्यालाच आहे, भरवसा कोणाचाच नसतो. तुम्ही मागं राहिलेले विचारता, अन् पुण्या-सुरतेला गेलेलेही विचारता, की आता घर कुठलं म्हणता. मला तर संध्याकाळी त्या बाकावर बसलं की घरी आल्यासारखं वाटते. मध्ये कोणी बसायला आलं, की आम्ही दोघं एकदमच म्हणतो, "पुढच्या बाकावर जा बापू, इथं दोघी बसेल हायत."

हे कोणी कोणाचं पाहून शिकलं, ते विचारू नका.