तापलेला पाट आणि चिकटलेला सूर्य

अंबाजोगाईला महिनाभर कपड्यांवरची छपाई शिकून मी गावी परतले, तेव्हा मान इतकी ताठ होती की एसटीतून उतरताना दाराला डोकं आपटलं. टेंगूळ आलं, तोरा उतरला नाही. दुष्काळाचं साल. विहिरींत कबुतरं राहायला आलेली, पाणी टँकरचं. अशात आम्हा बायकांच्या सहकारी संस्थेनं पत्र्याच्या शेडमध्ये छपाईचं गोल यंत्र बसवलं आणि मला त्याची कारभारीण केलं. यंत्राला चार हात, प्रत्येक हातावर एक लाकडी पाट. पाटावर बनियन ओढून बसवायचं, वर जाळी टेकवून रबरी पट्टीनं रंग ओढायचा, तो हिटरखाली सुकवायचा, मग दुसऱ्या रंगाची जाळी. हातचा मळ आहे, असं मी सांगत फिरायची.

पहिलं काम आलं शाळेच्या खो-खोच्या मुलींचं. बनियनवर पिवळा सूर्य, त्यावर लाल अक्षरं आणि काळ्या रंगात पळणारी मुलगी. सर म्हणाले होते, रविवारपर्यंत नीट करून द्या, बाकीच्या शाळाही तुमच्याकडे पाठवतो. हे ऐकून माझ्या धाकट्या जावेनं कान टवकारले. दसरा होऊन गेला होता, ऊसतोडीला जायला तिची पेटी भरून तयार होती, आणि सोमवारी मुकादमाचा ट्रॅक्टर यायचा होता. दिराला टँकरवर काम मिळालेलं, पण एकट्याच्या कामावर घर चालेना.

"छपाई चालू राहिली तर मी कोयता धरत न्हाई," ती म्हणाली. "आक्का, तुमच्यावर हाय सगळं."

"तू निस्ती बघत राहा," मी म्हटलं.

बघण्यासारखंच झालं. मी वाळवणाच्या हिशोबानं चालले होते. कुरडईला जितकं ऊन तितकं चांगलं, तसंच रंगाचं असणार. पिवळा रंग सुकवायला हिटर एवढा वेळ धरला की पाट तव्यासारखा तापला. वरून पत्रा तापलेला, आणि फुफाटा आत येऊ नये म्हणून दारं मीच लावून घेतलेली. लाल जाळी टेकवली, पट्टी ओढली, जाळी उचलली, तर बनियनही तिला चिकटून वर आलं. सोडवलं तर सूर्य निम्मा जाळीला, निम्मा कापडाला. मला वाटलं रंग ओला राहतोय, म्हणून पुढच्याला हिटर आणखी धरला. मग तर पिवळा रंग जाळीतच घट्ट व्हायला लागला.

"गिराण लागलं जणू सूर्याला," जाऊ म्हणाली.

"दृष्ट लागलीय," मी निदान केलं. महिनाभराच्या शिक्षणातून अडीअडचणीला मला एवढंच सुचलं. मीठ-मिरच्या यंत्रावरून उतरवल्या आणि चूल जवळ नव्हती म्हणून डब्याच्या झाकणात घालून हिटरखाली धरल्या.

आधी संस्थेच्या अध्यक्षीणबाई शिंकल्या, मग अख्खी शेड खोकत बाहेर पळाली. हिटर बंद करण्याची अक्कल तेवढी मला राहिली होती. लिंबाखाली बसून सगळ्यांनी डोळे पुसले.

"कावून ग बाई," अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "मारायला बोलावलं व्हतं का आमाला?"

धूर निवळला तेव्हा दारं सताड उघडून आत गेलो. पिवळा सूर्य छापलेलं एक बनियन पाटावर तसंच होतं. भीतभीत लाल जाळी टेकवली, उचलली. बनियन जागचं हललं नाही आणि अक्षरं लख्ख उठली.

"बघा, उतरली का न्हाई दृष्ट?" मी पदर खोचला. पुढचं बनियन घेतलं, हिटर धरला, आणि ते पुन्हा चिकटलं. मी आणखी मिरच्या मागवल्या.

जावेनं माझा हात धरून पाटावर ठेवला. मला चटका बसला. "त्या वक्ताला ह्यो गार व्हता," ती म्हणाली. "दर बनियनाला मिरची जाळाल तर पोरी मैदानात शिंकत पळतील."

मग बेत ठरला. रंग बोटाला लागेनासा झाला की हिटर बाजूला, आणि पाट गार होईपर्यंत सुपानं वारा. पाणी मारावं तर प्यायलाच नव्हतं. सुपं मात्र घरोघर रिकामी होती, पाखडायला काही पिकलंच नव्हतं. जाळीच्या कोपऱ्यांखाली जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे ठेवले, म्हणजे पट्टी पुढं सरकली की मागची जाळी कापडापासून सुटायची. एक पाट छापायचा, बाकीचे गार व्हायचे. सुपांच्या तालावर बायका ओव्या म्हणू लागल्या, आणि दुपारपर्यंत त्यात माझ्या मिरच्याही आल्या.

रविवारी बनियनं शाळेत पोचली. संध्याकाळी सर स्वतः सायकलवर आले, आणखी दोन शाळांचं काम घेऊन.

सोमवारी मुकादम शेडच्या दारात उभा. "चला वहिनी, पेटी कुठाय?"

"पेटीतली लुगडी बाहेर काढली, भाऊ," जाऊ वारा घालतच म्हणाली. "आमी नवरा-बायकू दोघंबी न्हाई येत. तुमी व्हा पुढं."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला चहा दिला आणि हे यंत्र मी एकटीनं कसं ताब्यात आणलं ते सविस्तर सांगितलं. मागं एकेक सूप थांबत गेलं. वळून पाहिलं तर जाऊ तोंडात पदर कोंबून पाटावर वाकली होती, आणि तिच्या नाकाच्या शेंड्याला पिवळा रंग लागला होता.