अठरा नंबरचा कडुनिंब

"डेकाटेजी, हे घर तुमच्या प्लॉटवर नाही."

हे मी डेकाट्यांच्याच ओसरीत बसून, त्यांच्याच कपातला चहा पिता पिता सांगितलं. डेकाटे म्हणजे मालधक्क्यावरून रिटायर झालेले रेल्वेचे कारकून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अंगणात टेप गुंडाळणाऱ्या सर्व्हेअरकडे पाहिलं आणि आत बायकोला हाक मारली, "ऐकलं का वं? इतकी वर्षं आपण दुसऱ्याच्या घरी पाहुणे आहो म्हणते वकीलसाहेब!"

ही सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी नागपूरला जागेच्या खरेदी-विक्रीची वकिली करायचो. खुनाच्या केसेस लढवणारे माझे मित्र मला 'चतुःसीमा वकील' म्हणत. जागेच्या चारी बाजूंना काय आहे, रस्ता की कोणाचं घर, हे दस्तात लिहावं लागतं, ती चतुःसीमा. त्यांचे अशील जेलमध्ये जात, माझे फार तर शेजाऱ्याच्या अंगणात घुसत. निदान त्या दिवसापर्यंत माझा तसा समज होता.

डेकाट्यांना घर विकून उमरेडला जायचं होतं. डेकाटेबाईंची नजर अधू झालेली, चुलीपाशी हात भाजून घेत. एकुलती एक लेक उमरेडला, जावयाचे हातमाग. लेकीच्या भिंतीला लागून एक लहानसं घर विकायला निघालं, म्हणून डेकाट्यांनी इसार देऊन ठेवला. इसार म्हणजे सौदा पक्का केल्याची आगाऊ रक्कम. दिवाळीच्या आत बाकीचा व्यवहार झाला नाही तर ते घर दुसऱ्याला जाणार होतं, आणि ह्या घराची विक्री झाल्याशिवाय ते होणार नव्हतं.

घेणारा होता पाटबंधारे खात्यातला ओव्हरसीअर. मोजणीशिवाय रजिस्ट्री नाही म्हणाला. डेकाटे भडकले होते. "मोजणी काहून? जागा काय मी ट्रंकेत भरून नेऊन राहिलो का?"

सर्च मी आधीच केला होता. म्हणजे रजिस्ट्रारच्या ऑफिसात बसून जागा पूर्वी कोणाची होती, कुठे गहाण-बिहाण आहे का, हे जुन्या नोंदींत पाहिलं होतं. सगळं स्वच्छ. प्लॉट नंबर सतरा, मालक डेकाटे. पण सर्चमध्ये कागद कागदाशी जुळतो. तो जमिनीशी जुळतो का, हे बघायला उन्हात उभं राहावं लागतं. सर्व्हेअर ले-आउटच्या कोपऱ्यातल्या हद्दीच्या दगडापासून मोजत आला आणि डेकाट्यांचं घर निघालं अठरा नंबरवर. अठराचे मालक शेजारचे लांजेवार. आणि लांजेवारांचं घर डेकाट्यांच्या सतरावर! दोघंही एकमेकांच्या जागेवर घर बांधून बसले होते.

"पण टॅक्सपावती माह्या नावाची आहे ना!" डेकाटे म्हणाले.

हा प्रश्न मला आजही दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. अहो, टॅक्सवाल्याला घर दिसतं. दार उघडून जो समोर येईल त्याच्या नावाची पावती तो फाडतो. त्यानं जागेची मालकी मिळत नाही.

"मग कब्जा? इतक्या वर्षांचा कब्जा आहे."

"तो कोर्टात सिद्ध करावा लागेल. तोवर उमरेडचा घरवाला थांबेल का?"

आतून बाईच म्हणाल्या, "मी सांगतो कसं झालं ते. भूमिपूजनाच्या दिवशीच झालं."

अक्षयतृतीयेचा मुहूर्त, नागपूरचं ऊन. साऱ्या ले-आउटमध्ये झाड एकच, कडुनिंबाचं, शेजारच्या प्लॉटवर. गुरुजींनी सतरा नंबरवर पाय ठेवला आणि लगेच मागे घेतला. "देवाले काय, सतरा काय नं अठरा काय," असं म्हणून ते सावलीत आसन टाकून बसले. पूजा झाली, कुंकू लावलेली वीट तिथेच ठेवली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्यानं कुंकवाची वीट पाहिली आणि तिथूनच पाया खणायला घेतला. पूजेची वीट हलवायची कोणी? लांजेवार तार खात्यातले, तेव्हा बदलीवर इटारसीला. ते परत आले तोवर डेकाट्यांचं घर उभं. उरला तो आपला प्लॉट, असं समजून त्यांनी बांधलं.

उपाय सोपा होता. अदलाबदलीचा दस्त करायचा, म्हणजे ज्याच्या घराखाली जी जमीन ती त्याच्या नावावर होते. प्लॉट सारख्याच मापाचे होते. फक्त लांजेवारांची सही हवी होती, आणि लांजेवार-डेकाटे यांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. कारण तोच कडुनिंब. त्याचा पाला लांजेवारांच्या पाण्याच्या टाक्यात पडायचा. एकदा त्यांनी डेकाटे नसताना फांदी तोडली. डेकाट्यांनी थेट चौकीत तक्रार केली आणि लांजेवारांना हवालदारासमोर उभं राहावं लागलं.

मी लांजेवारांकडे गेलो, सगळं समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग एकदम ताठ बसले.

"थांबा, वकीलसाहेब. झाड अठरावर आहे ना?"

"हो."

"अन् अठरा माहा?"

"कागदोपत्री, हो."

"म्हणजे माह्याच झाडाची फांदी तोडली म्हणून मी चौकीत गेलो? अरे बाप्पा!" त्यांचा चेहरा असा काही खुलला की जणू पेन्शन वाढली. "करतो सही. पण डेकाटेनं चारचौघांत म्हणलं पाहिजे, का झाड लांजेवारचं होतं."

डेकाट्यांना सांगितलं. "मेलो तरी नाही म्हणणार!" ते ओरडले. आतून बाई म्हणाल्या, "मग मरा इथंच, मी चालली लेकीकडे." दिवाळी तोंडावर आली होती. झाडावरून अडून बसलेल्या त्या दोन शेजारी म्हाताऱ्यांचा मला खरोखर राग आला.

घरी येऊन मी दस्त लिहायला बसलो. प्लॉट देताना त्यावर काय काय आहे ते लिहायचंच असतं. मी लिहिलं: 'लांजेवार यांच्या मालकीचा प्लॉट नंबर अठरा, त्यावरील कडुनिंबाच्या झाडासह, डेकाटे यांना देण्यात येत आहे.' आणि सब-रजिस्ट्रार प्रत्येकाला तोंडी विचारतात, मजकूर कबूल आहे का. त्याशिवाय शिक्का बसत नाही.

रजिस्ट्रीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, "डेकाटे, मजकूर वाचला? कबूल आहे?"

डेकाट्यांनी झाडाची ओळ पुन्हा वाचली. माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर बघायला लागलो. दाराशी हातात पिशवी धरून बाई उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघत ते पुटपुटले, "कबूल."

"साहेब, मले ऐकू नाही आलं," लांजेवार म्हणाले.

"कबूल!" डेकाटे एवढ्यानं ओरडले की बाहेरचा पानवाला आत डोकावला.

त्याच आठवड्यात ओव्हरसीअरचीही रजिस्ट्री झाली. दिवाळीच्या फराळाला डेकाटेबाई लेकीच्या ओसरीत बसल्या होत्या, असं जावई सांगून गेला.

पावसाळ्याआधी लांजेवार माझ्या ऑफिसात आले. बसलेच नाहीत.

"वकीलसाहेब, तो ओव्हरसीअर झाड तोडून राहिला. स्कूटर ठेवायले शेड पाहिजे म्हणते. मी चौकीत गेलो. हवालदार म्हणते, झाड तुमचं आहे का?"

"नाही ना लांजेवारजी. तुम्हीच लिहून दिलंत. डेकाट्यांना, आणि त्यांनी ह्याला."

"डेकाटे होता तोवर झाडाले हात लावाची कोणाची हिंमत नव्हती. माही पण नव्हती." ते खिशात पेन चाचपू लागले. "त्याचा उमरेडचा पत्ता द्या. तो येईन. भांडाले तो कुठूनही येईन."

मी पत्ता दिला. डेकाटे पहिल्या एस.टी.नं आले, दोघांनी मिळून ओव्हरसीअरचं डोकं खाल्लं आणि शेड दुसऱ्या बाजूला गेलं. कायद्यानं दोघांनाही काडीचा हक्क नव्हता, हे मी त्यांना सांगायला गेलो नाही.

जागा घेताना काय काय बघावं, असं लोक मला अजून विचारतात. मी सांगतो, कोपऱ्यातला दगड शोधा, तिथून मोजा, आणि भूमिपूजनाला गुरुजींसाठी एक छत्री न्या.