लडक्याचे खाऱ्या पाण्याचे उंदीर

संदीप पहिल्यांदा प्रयोगशाळेच्या फाटकातून आत आला त्या सकाळी, लडक्याच्या सांगण्याप्रमाणे, अच्छाडच्या नाक्यावरचे ट्रक आपोआप थांबले, ढाब्यांवरच्या कढया गार पडल्या आणि तलासरीचे कोंबडे आरवायचेच विसरले. प्रत्यक्षात सरावलीचा एक शिडशिडीत पोरगा काळा चष्मा लावून मोटारसायकलवरून उतरला आणि म्हणाला, "लडक्यादादा, उंदीर कुठेयत?" लडक्याने जागच्या जागी त्याला जन्माचा वैरी ठरवून टाकलं.

तोवर, म्हणजे २०१६ पर्यंत, तिथल्या पांढऱ्या उंदरांचा मायबाप एकटा लडक्या. शेतात उंदीर दिसला की काठी घेऊन धावणारा हा गडी, आत टोपी-मास्क चढवून "सरक रे बाळा" म्हणत पिंजरे साफ करायचा. आता निम्मे पिंजरे संदीपकडे गेले.

तिथल्या शास्त्रज्ञ दक्षा मॅडमचं संशोधन उंदरांच्या बी पेशींवर होतं. या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. त्यांना जंतू ओळखता येतो तो अंगावरच्या रिसेप्टरमुळे, आणि रिसेप्टरांचीही पाड्यावरच्या माणसांसारखी कुळं असतात. कुठल्या कुळाची जनुकं पेशीत किती जागी झालीत, ते मॅडम मोजायच्या. संदीपच्या उंदरांना जंतूंच्या अर्काची सुई मिळे, लडक्याच्या उंदरांना नुसतं मिठाचं पाणी. साहजिकच संगणकावरच्या आलेखात संदीपचे खांब ताडासारखे वाढायचे आणि लडक्याचे जमीन सोडायचे नाहीत. मॅडम ताडांकडे बघून "वाह!" म्हणायच्या. तो "वाह" लडक्याच्या काळजात काट्यासारखा रुतायचा.

"लडक्याभाई, तुझे उंदीर शांत राहिले तरच संदीपच्या उंदरांत काय बदललं ते कळतं ना," मॅडमनी समजावलं. लडक्याला कळलं ते एवढंच, की वरात संदीपची आणि आपले उंदीर बत्ती धरायला.

"त्याच्या उंदरांना सुई, माझ्यांना खारं पाणी! सावत्र आई तरी बरी," तो घरी कुरकुरला.

"लोक दुसऱ्याच्या बैलांवर जळतात," गंगी भाकरी थापत म्हणाली. "माझा नवरा उंदरांवर जळतो. कुणाला सांगू नको हां."

पण घरात पोरगं अंग धरेनासं झालं की गंगी जवळ्याचं कालवण करायची, हे लडक्याला आठवलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने टोपी, मास्क, हातमोजे सगळं नियमाने चढवलं, आणि बनियनच्या आत डहाणूच्या बाजारातला सुका जवळा. पिंजऱ्यात चिमूट टाकली की उंदीर तुटून पडायचे.

पुढच्या तपासणीत लडक्याचे खांब उठले. नुसते उठले नाहीत, संदीपच्या खांबांच्या खांद्याला लागले.

"बघ रे चष्मेवाल्या! बिनसुईचे आहेत!"

मॅडम "वाह" म्हणाल्या नाहीत. उठून पिंजऱ्यांपाशी गेल्या. "लडक्याभाई, इथे बोंबलाचा वास कसा?"

"बोंबील नाही मॅडम," लडक्या दुखावून म्हणाला, "जवळा आहे."

जवळ्याबरोबर बाहेरचे जंतू आत गेले होते आणि लडक्याच्या उंदरांचे राखणदार जागे झाले होते. आता तुलनेला शांत उंदीरच उरले नाहीत, म्हणून संदीपच्या खांबांनाही अर्थ उरला नाही. दोघांचेही सगळे उंदीर बाद झाले.

"दादा, मला हरवायचं होतं तर एकट्याला हरवायचंस," संदीप रिकाम्या पिंजऱ्यांकडे बघत म्हणाला. "तू तर तुझेही घालवलेस."

नवे उंदीर आले, ते सगळे संदीपकडे. लडक्याला फाटकावर राखणीला बसवलं. २०१९ साली मॅडमचा प्रकल्प बंद झाला आणि संदीपही फाटकावर आला. दोघांच्या पाळ्या वेगळ्या आहेत.