माझ्या साडूची खारी कोळंबी

माझ्या साडूइतका भाव बिघडवणारा माणूस जळगाव-धुळ्यात दुसरा नाही. खडेमीठ नि ढेप विकत हातगाडीवरून गोदामापर्यंत आलेला माणूस हे सांगतोय. भडगावकडच्या त्याच्या शेतातली विहीर खारी; केळी लावली की पानं करपतात. कुठल्याशा प्रशिक्षणातून तो खाऱ्या पाण्यात वाढणारी नखाएवढी कोळंबी घेऊन आला. ही आपण खायची नाही, माशांना खाऊ घालायची. ताडपत्री अंथरून त्यानं तीन हौद केले. त्याच्या बायकोनं अक्षय्य तृतीयेची मुदत घालून बजावलं, “आखाजीपर्यंत हौदांनी आपला खर्च काढला तर ठीक, नाहीतर शेत सोलरवाल्यांना भाड्यानं.”

कोळंबीला विहिरीपेक्षाही खारं पाणी लागतं; तो खारेपणा मोजायला मी त्याला काचेची नळी आणून दिली. ती त्यानं देवघरात ठेवली आणि वरण चाखावं तसं हौदाचं पाणी बोटानं जिभेवर घेत राहिला. “भाऊ, आजून पोतंभर मीठ लागी.” कोळंबीला भाताचा कोंडा चिमटीनं टाकायचा असतो. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करकरून वाढतात, तसा हा कोळंबीलाही वाढायचा. त्या आग्रहानं एक हौद असा नासला, की रस्त्यावरची माणसं नाकाला रुमाल लावून जायची. मी रागावलो, तर म्हणतो, “वाढताना मना हात आखडस नही, भाऊ.”

मग धुळ्याहून रंगीत माशांचा व्यापारी आला. या कोळंबीची डब्यातली परदेशी अंडी त्याला फार महाग पडतात, हे मी दोन कप चहात काढून घेतलं. मीठ, कोंडा, हवेच्या पंपाचं वीजबिल, सगळं रडून सांगत मी भाव असा चढवला, की तिन्ही हौद तरले असते. व्यापारी मान डोलावणार, तेवढ्यात साडू म्हणाला, “मीठ ते भाऊनी घरना भावमा दिधं. इतलं महाग नही पडस.”

व्यापारी हसला. “बघा शेठ, मालकच सांगताहेत.”

भाव खर्चाच्या खाली उतरला आणि माल त्याच भावानं जात राहिला. मी साडूशी बोलणं टाकलं. तो मात्र फोन करून सांगायचा, धुळ्यातले मासे आपली कोळंबी खाऊन कसे लालभडक झालेत ते.

आखाजी आली. ताडपत्र्या निघाल्या. सोलरवाल्यांशी भाडं मीच ठरवलं, आणि मनासारखं ठरवलं. जमिनीला आणखी दोन गिऱ्हाइकं आहेत, असंही ठोकून दिलं. साडू शेजारीच बसला होता. मी दोनदा थांबून त्याच्याकडे पाहिलंसुद्धा. तो मध्ये एक शब्द बोलला नाही.